मोहेंजोदडो लोक विसरले कसे?

प्रश्न : सहावीतल्या मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेत होते. मोहेंजोदडोचा धडा वाचून तिने विचारलं, "आई, एवढं मोठं शहर लोक विसरले कसे? शेजारच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं का?" मला उत्तर सुचलं नाही. मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी एखादी जागा तिला दाखवता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेजारच्या गावांना माहीत होतं. लेकीला हेच आधी सांगा. मोहेंजोदडोच्या टेकाडावर विटांचा पडका स्तूप उभा होता, तो लांबूनही दिसायचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून 1911-12 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे देवदत्त भांडारकर ती जागा पाहायला गेले. स्थानिक लोकांनी सांगितलं, इथे दोनेकशे वर्षांपूर्वीचं शहर होतं. भांडारकरांनाही ते पटलं, कारण विटा अगदी अलीकडच्या वाटत होत्या. म्हणजे इथे शहर होतं हे लोकांच्या लक्षात होतं, त्याच्या वयाचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता. चार हजार वर्षांपूर्वी कोणी इतकी पक्की, एका मापाची वीट भाजत असेल, हे त्या काळी मनातही येण्यासारखं नव्हतं.

हडप्प्याची गोष्ट जास्त चटका लावते. तिथे मिळालेली एक मुद्रा, म्हणजे चित्र आणि अक्षरं कोरलेला शिक्का, पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1875 मध्ये छापली होती. तिच्यावरच्या बैलाला वशिंड नाही आणि अक्षरं ओळखीची नाहीत, तेव्हा ही वस्तू बाहेरून आली असावी, असं त्यांना वाटलं. तोवर तिथल्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली खडी म्हणून गेल्या होत्या. पुढे 1921 मध्ये हडप्प्याला दयाराम साहनी आणि पाठोपाठ मोहेंजोदडोला राखालदास बॅनर्जी यांनी खोदायला घेतलं. दोन्हीकडे सारख्याच मुद्रा निघाल्या. 1924 मध्ये खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी ते जाहीर केलं, मग मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, अभ्यासकांनी तिकडच्या वय ठाऊक असलेल्या वस्तूंशी मेळ घातला आणि वय कळलं.

शहरं ओस का पडली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पाऊस कमी झाला, नद्यांनी पात्रं बदलली, दूरचा व्यापार थांबला, अशी कारणं दिली जातात. पण एका रात्रीत सगळे गेले, असं झालं नाही. इ.स.पू. 1900 नंतर वस्ती हळूहळू विरळ होत गेली आणि माणसं पूर्वेकडे, दक्षिणेकडे लहान गावांत पांगली.

आता मुंबईजवळची जागा. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरा आणि पश्चिमेला सोपारा गावाकडे जाणारी रिक्षा पकडा. हे जुनं शूर्पारक. ग्रीक खलाशांनाही हे बंदर माहीत होतं. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचं महत्त्व ओसरलं. गाव मात्र कधीच ओस पडलं नाही, म्हणून तर मी मुद्दाम हीच जागा सुचवतो. गावातल्या विटांच्या उंचवट्याला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तो खणला, तर आत स्तूप. मधोमध दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोन्याची फुलं होती, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं आणि भोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. मूर्ती नाण्यापेक्षा कित्येक शतकं नंतरच्या आहेत. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडला, त्यात भर घातली आणि पुन्हा बंद केला. मला ही गोष्ट त्या सोन्यापेक्षाही मोलाची वाटते.

सोपाऱ्याच्या भटेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही भगवानलालांनाच मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला सापडला. स्तूपाची जागा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण आजूबाजूला इमारती दाटल्या आहेत. त्यांच्या पायाखाली काय गेलं असेल, या विचाराने मला फार वाईट वाटतं. तिकडे कोणाच्या विहिरीत किंवा घराचा पाया खणताना घडीव दगड वा खापरं निघाली, तर कृपा करून पुरातत्त्व खात्याला कळवा.

जाण्याआधी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिलालेखाचा तुकडा पाहून घ्या. त्यावरची ब्राह्मी लिपी लेकीला थोडी आधीच शिकवून ठेवा. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'र' म्हणजे उभी रेघ, 'ग' म्हणजे तळ नसलेला त्रिकोण. एवढ्यावर ती काही अक्षरं स्वतः शोधून काढील.