रोजच्या जगण्यात स्मार्टफोनच्या आहारी गेलेल्या माणसांवर फोटोमालिका केली आहे. तिला नाव काय द्यावं?

घरात, प्रवासात, जेवणाच्या टेबलावर फोनमध्ये बुडालेल्या माणसांचे फोटो तुम्ही काढलेत आणि आता 'मोबाइलचा विळखा' की 'डिजिटल गुलामी' इथे अडला आहात. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. फोटो दिसायच्या आधीच ही नावं निकाल देऊन मोकळी होतात. बघणाऱ्याने मग फक्त मान डोलवायची आणि पुढे जायचं.

मी स्वतः ही चूक केली आहे. माझ्या अशाच मालिकेचं नाव मी 'विळखा' ठेवलं होतं. त्यात एक फोटो माझ्या ताईचा होता. पलंगाच्या कडेला बसलेली, एका पायात चप्पल, दुसरी नुसती अंगठ्यात अडकलेली, आणि चार्जरची वायर भिंतीपासून ताणून हातापर्यंत आलेली. बाहेर निघता निघता ती तशीच बसून राहिली होती. प्रिंट लावताना तिने वरचं नाव वाचलं आणि हळूच म्हणाली, "अरे, लेकीचा पेपर होता त्या दिवशी. मी तिच्या मेसेजची वाट बघत होते."

फार लागलं मला ते. अडकलेली चप्पल मी टिपली होती, पण तिचं वाट बघणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अर्थात मेसेज येऊन गेल्यावरही ती पाऊण तास तशीच फोनमध्ये होती, हेही खरं. नावात या दोन्ही गोष्टींना जागा हवी.

शेवटी नाव तिच्याच तोंडून मिळालं. फोटो काढताना मी काहीही विचारलं तरी ती वर न बघता एकच उत्तर देत होती: "हं." मालिकेचं नाव 'हं' ठेवलं. लोक ते वाचून आधी हसायचे, मग फोटोंसमोर जरा जास्त वेळ थांबायचे, कारण हा हुंकार प्रत्येकाने कुणाला तरी दिलेला असतो आणि कुणाकडून तरी ऐकलेलाही असतो.

एरिक पिकर्सगिल या अमेरिकी छायाचित्रकाराची 'रिमूव्ह्ड' ही मालिका नक्की बघा. त्याने माणसांना आहे तसंच बसायला सांगितलं, हातातला फोन तेवढा काढून घेतला आणि मग कृष्णधवल फोटो काढला. माणसं रिकाम्या तळहाताकडे बघत बसलेली दिसतात. फोन हातातून काढलेला आणि माणसं एकमेकांपासून दूर गेलेली, हे दोन्ही त्या एका शब्दात येतं. 'व्यसन' हा शब्द लागतच नाही.

आणखी एक. वॉकर इव्हान्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले होते. तेव्हा मोबाइल फोन नव्हते, तरी ती माणसं आपापल्यात हरवलेलीच दिसतात. त्यामुळे नुसता हरवलेला चेहरा म्हणजे फोनची गोष्ट होत नाही. तुमच्या फोटोंत वेगळं काय आहे? वाकलेली मान, फोनला खालून टेकू देणारी करंगळी, अंधारात हनुवटीवर पडलेला उजेड, शेजारी गार होत चाललेलं ताट? नाव तिथे शोधा.

त्यासाठी सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि प्रत्येक फोटोतला माणूस त्या क्षणी काय बोलत असेल ते मोठ्याने म्हणा. जे पुन्हा पुन्हा तोंडात येईल ते लिहून ठेवा. विषय कळणार नाही ही भीती असेल तर नावाखाली बारीक अक्षरात 'रोजच्या जगण्यातला स्मार्टफोन' अशी ओळ द्या, तेवढी पुरते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला 'एक मिनिट' सुचतंय. जेवायला हाक मारली की फोनमधला माणूस हेच म्हणतो, आणि त्याला ते खरंच एक मिनिट वाटत असतं. पण झोपायच्या खोलीतले फोटो जास्त असतील, तर मी 'उशाशी' ठेवेन.