शोपाँ आणि शुमान एकाच कार्यक्रमात वाजवले तर श्रोते गोंधळतील का?

बेळगावात तासाभराचा पियानोवादनाचा कार्यक्रम करायचा आहे, समोर बहुतेक ख्याल ऐकणारी मंडळी असतील आणि शोपाँ-शुमान हे दोन युरोपीय संगीतकार एकत्र घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या. फक्त एक याचं, एक त्याचं अशी सरमिसळ करू नका. आधी पूर्ण शुमान, मध्यांतरानंतर पूर्ण शोपाँ.

दोघेही १८१० साली जन्मलेले. शुमाननं १८३८ मध्ये ‘क्राइसलेरियाना’ ही पियानोरचना शोपाँला अर्पण केली आणि शोपाँनं १८४० मध्ये छापून आलेली आपली दुसरी बॅलड (कथेसारखी उलगडणारी पियानोरचना) शुमानला. शुमान शोपाँवर भरभरून लिहायचा. शोपाँला मात्र शुमानच्या संगीताचं फारसं कौतुक नव्हतं. तुमचा कार्यक्रम या दोन रचनांभोवतीच बांधा, म्हणजे फरक समजावून सांगावा लागणार नाही, तो कानावर पडेल.

‘क्राइसलेरियाना’ अर्ध्या तासाची, आठ भागांची. जर्मन लेखक हॉफमनच्या लेखनातल्या क्राइसलर नावाच्या विक्षिप्त संगीतकारावरून तिचं नाव पडलं. पहिला भाग अंगावर धावून येतो, दुसरा एकदम अंतर्मुख होतो, आणि हे पुढेही चालू राहतं. शुमानचा सूर पुष्कळदा मधल्या स्वरांत दडलेला असतो, तो शोधत ऐकावं लागतं. म्हणून ही रचना श्रोते ताजेतवाने असताना, सुरुवातीलाच हवी. शिवाय तिचा शेवट खालच्या स्वरांत विरून जातो. कार्यक्रम त्यावर संपवला तर टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेच लोकांना कळत नाही.

शोपाँकडे आपल्या श्रोत्यांचा कान पटकन वळेल, याची मला खात्री आहे. इटालियन ऑपेरातल्या गायकीवर त्याचं प्रेम होतं, शिष्यांनाही तो गायक ऐकायला सांगायचा. डाव्या हातानं लय धरायची, उजव्यानं मोकळं गायचं, ही त्याची शिकवण. तबलजीनं ठेका सोडायचा नाही आणि गायकानं समेपर्यंत हवं तसं हिंडायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं काय सांगायचं? ख्यालगायक कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी याच जिल्ह्यातलं!

मध्यांतरानंतर लगेच ती बॅलड घ्या. सुरुवातीला नुसता ‘सी’ स्वर हलकेच पुन्हापुन्हा येतो, मग त्यातूनच संथ चाल उमलते आणि अचानक वादळ कोसळतं. त्यानंतर शोपाँच्याच ओपस (रचनाक्रमांक) २७ मधलं दुसरं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या वातावरणाची शांत रचना, आणि शेवटी बार्कारोल, म्हणजे नावाड्यांच्या गाण्याच्या ढंगाची रचना. तिचे अखेरचे स्वर ठणठणीत आहेत, समारोपाला तेच हवेत. सगळं मिळून पंचावन्न मिनिटांच्या आसपास जाईल.

‘क्राइसलेरियाना’ अजून हातात बसली नसेल तर घाईनं मंचावर नेऊ नका. शुमानच्याच, त्याच १८३८ सालच्या ‘किंडरझेनन’ (‘बालपणीची दृश्यं’) मधले तेरा छोटे तुकडे वाजवा; ते ऐकायला सोपे आहेत, पण मनापासून वाजवणं कठीणच.

अकूस्टिक, म्हणजे खऱ्या तारांचा पियानो मिळत असेल तर तारीख दिवाळीनंतरची धरा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्याचा सूर टिकत नाही. ट्यूनिंग आदल्या दिवशी नव्हे, पियानो हॉलमध्ये आणून थोडा स्थिरावल्यावर करून घ्या. डिजिटलवर वाजवणार असाल तर स्वर लांबवणारं पेडल हॉलमध्येच तपासा, घरच्या खोलीत बरोबर वाटलेलं तिथं गढूळ होतं. आणि ‘क्राइसलेरियाना’चे आठही भाग संपल्यावरच टाळ्या, हे आधी मराठीत दोन वाक्यांत सांगून टाका.