आईच्या लुगड्यांची गोधडी

आई जाऊन दोनच महिने झाले असताना तुम्ही तिच्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेत आहात, म्हणून आधी एक विनंती करते: कात्री लावण्यापूर्वी भावंडांना विचारा आणि एक लुगडे न धुता तसेच घडी करून ठेवा. मी माझ्या आईची सगळीच लुगडी धुतली, आणि तिचा वास त्या पाण्याबरोबर गेला, याची हळहळ मला अजून आहे.

नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर भरते, त्यामुळे एकाच लुगड्यातून तीन-चार थर सहज निघतात. सुती कापडात नायलॉनची साडी मिसळू नका, कारण धुण्यात सूत आणि नायलॉन सारखे आटत नाहीत आणि गोधडीला फुगे येऊ शकतात. विरलेला भाग आतल्या थरात आणि काठ बाहेरच्या कडेला घ्यावा. थर जमिनीवर अंथरून, तळहाताने सुरकुत्या काढून, मोठ्या टाक्यांनी कच्चे टाचून घ्यावे आणि मग कडेपासून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालत जावे. टाके वाकडे पडले तरी उसवू नका. माझ्या आईचेही सरळ नसत.

शिवताना एखादा जुना रफू, निऱ्यांजवळचा हळदीचा डाग किंवा काठावर तिनेच घातलेली टीप सापडेल. यातले काहीच झाकू नका. मी माझ्या आईच्या लुगड्यावरचा तसा डाग मुद्दाम उशाकडे घेतला आहे.