'सांगकाम्या' : बॉटला हा शब्द शोभतो का?

प्रश्न असा आहे : मराठी विकिपीडियावर 'बॉट'ला, म्हणजे ठरवून दिलेले बदल आपोआप करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला, 'सांगकाम्या' म्हणतात. माणसाला हिणवायला वापरतो तो शब्द तांत्रिक संज्ञा म्हणून का घ्यावा? 'स्वयंचलित संपादक' बरा नाही का?

मी ठामपणे सांगकाम्याच्या बाजूने आहे. आधी घडण पाहू. 'हरकाम्या' म्हणजे पडेल ते काम करणारा आणि 'सांगकाम्या' म्हणजे सांगाल तेवढंच करणारा. वाटाड्या, निरोप्या, पाणक्या हे याच घरातले. त्यामुळे शब्द वाक्यात सहज चालतो : सांगकाम्याने बदल केला, दोन सांगकामे एकमेकांचे बदल उलटवत बसले, सांगकाम्यांना परवानगी लागते. तिथे 'स्वयंचलित संपादकांना' घालून बघा, जीभ दमते.

आता हिणवण्याचं. माणसाला हा शब्द लागतो, कारण त्याने स्वतःची अक्कल चालवावी अशी अपेक्षा असते. बॉटने मात्र ती चालवायची नसते. २०१३ पर्यंत विकिपीडियाच्या लेखांच्या मजकुरातच, तळाशी, इतर भाषांतल्या त्याच विषयाच्या लेखांचे दुवे असत. एका भाषेत नवा लेख आला की बाकीच्या भाषांत जाऊन दुवा जोडायचा, हे कंटाळवाणं काम प्रामुख्याने सांगकामेच करत. पुढे ते दुवे विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यात, गेले.

सांगण्यात चूक झाली तर काय होतं तेही बघा. 'कि' हे उभयान्वयी अव्यय लोक ऱ्हस्व लिहितात, ते दीर्घ करायचं आहे. सांगकाम्याला नुसतं 'कि दिसेल तिथे की कर' म्हटलं तर तो 'किती'चं 'कीती' आणि 'किल्ल्या'चं 'कील्ल्या' करून मोकळा होईल. मागेपुढे मोकळी जागा असेल तरच बदल, हे सांगणाऱ्यालाच सुचायला हवं. म्हणूनच मला 'स्वयंचलित' नको वाटतो. तो सांगणाऱ्याला लपवतो, 'सांगकाम्या'त मात्र तो 'सांग' म्हणत पहिल्याच अक्षरांत उभा असतो. स्वीडनच्या स्वेर्केर योहान्सन यांच्या 'एलएसजेबॉट'ने स्वीडिश आणि सेबुआनो (फिलिपिन्समधली एक भाषा) विकिपीडियांवर लाखो लेख तयार केले. त्यांच्या दर्जावरून वाद झाला तेव्हा उत्तरं योहान्सन यांनाच द्यावी लागली.

शिवाय 'बॉट' ज्याचं लघुरूप आहे तो 'रोबॉट' तरी कुठे मानाचा? कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून तो आला, आणि चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ.

हल्लीच्या गप्पा मारणाऱ्या बॉटना मात्र मी सांगकाम्या म्हणणार नाही. न सांगितलेलंही ते अंदाजाने भरतात. त्यांना सध्या 'चॅटबॉट'च राहू द्यावं.