गीतसंध्या: एलईडी भिंतीआधी शब्दांचं बघा

प्रश्न असा आहे: विटा भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला नाताळाआधी दीड तासाची गीतसंध्या करायची आहे. लोक साधारण १५०, त्यातले निम्मे चर्चची पायरी कधी न चढलेले. इंग्रजी वर्शिप (उपासनेची) गाणी मराठीत आणून कीबोर्ड, गिटार, ड्रमवर म्हणायची आणि मागे भाड्याची एलईडी भिंत लावायची. भिंत केवढी घ्यावी?

भिंत घेऊच नका. एवढ्या बंद हॉलला ३५०० ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणि ८ बाय ६ फुटांचा पडदा पुरतो. उरलेले पैसे आवाजावर घाला. पाहुण्याला शब्दच कळले नाहीत, तर मागे कितीही उजेड पाडा, त्याला तो वरातीचा बँडच.

आता गाणी. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते. चालीचा जोर नेमका 'चा', 'ला', 'ने' अशा प्रत्ययावर येतो आणि नाव गिळलं जातं. शिवाय भाषांतराला मूळ हक्कदाराची परवानगी लागते, ती वेगळीच. त्यापेक्षा आपला अभंग घ्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली, ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. टिळक १९१९ मध्ये गेले. कायद्याची लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे त्यांचे शब्द वापरायला मोकळे. (एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण किंवा नव्या संगीतकाराची चाल मात्र मोकळी नाही.)

अभंगाला कीबोर्ड लावताना एक खोच आहे. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे. चार सारख्या ओळींची तयार पॉप चाल घेतली, की शेवटच्या चार अक्षरांपाशी भोक पडतं आणि गिटारवाला तिथे काहीतरी कोंबतो. ती जागा टाळांना द्या, किंवा शेवटचं अक्षर धरून ठेवा. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणून कीबोर्डच्या चार-चारच्या स्टाईलवर नीट बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्याची गाणी सहा-आठच्या स्टाईलवर घ्या. ड्रमपेक्षा ढोलकी बरी. पण तयार लूप (आधीच मुद्रित केलेला ताल) लावणार असाल तर ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) हवी, नाहीतर दुसऱ्या कडव्यात दोघांची फारकत ठरलेली.

पट्टी गायकाच्या सोयीने ठरवली जाते आणि मग समोरचे लोक गप्प बसतात. सगळ्यांनी म्हणायचं असेल तर सर्वांत उंच स्वर वरच्या पांढरी दोनच्या (इंग्रजी डी) पलीकडे नेऊ नका. तार षड्जापर्यंत (वरच्या सा) जाणारी चाल पांढरी दोनच्या पट्टीत चालेल. तार गंधाराला (वरच्या ग) जाणारी खाली काळी पाचवर (ए शार्प) आणा. जुनी पेटी बहुधा थोडी चढी किंवा उतरलेली असते. पेटी जागेवर बदलता येत नाही, म्हणून कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग पेटीला जुळवा, गिटार त्यानंतर.

पडद्यावर एका वेळी दोन ओळी, फार तर चार. शेवटची रांग ५० फुटांवर असेल तर अक्षर किमान २ इंच उंच हवं. वेलांटी-रफार स्पष्ट दिसायला ३ इंच बरं. गडद पार्श्वभूमी, पांढरं अक्षर, मागे हलता व्हिडिओ नको. ओळींतलं अंतर कमी केलं तर वरच्या मात्रा कापल्या जातात. जुनी गाणी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असली तर दुसऱ्या लॅपटॉपवर ती अगम्य चिन्हं होतात. आधी युनिकोड करा आणि 'दुसऱ्या', 'तुझ्या', 'प्रार्थना' हे शब्द डोळ्यांनी तपासा. गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायला ओपनएलपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपदाची स्लाइड पुन्हा टाका, मागे जाऊन शोधत बसू नका. चालू ओळीचे शेवटचे दोन शब्द उरले की पुढची स्लाइड आली पाहिजे. म्हणून स्लाइडवाला तालमीला हवाच.

शब्दांचा दुसरा भाग म्हणजे आपली चर्चची बोली. 'देवाचा कोकरा' (म्हणजे येशू) आपल्या कानाला सवयीचा आहे. जत्रेत बळी पाहिलेल्या माणसाला त्यातलं अर्धं लगेच कळतं आणि अर्धं पार चुकीचं. गाण्याआधी दोन वाक्यांत सांगा, तीनपेक्षा जास्त नको. उलट 'उत्तम मेंढपाळ' घ्या: आटपाडी, जत, माण, खटाव हा सगळा धनगरांचा मुलूख. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या हरवलेल्या मेंढरावर दीड मिनिटाची चित्रफीत करा, वाघरीत (जाळीच्या कोंडवाड्यात) मेंढरं कोंडताना, तिन्हीसांजेला. ज्यांचं चित्रीकरण कराल त्यांना कशासाठी ते आधी सांगा. परदेशी हिरव्या कुरणाचा तयार व्हिडिओ इथे कोरडा वाटतो.

पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. स्पीकर माइकच्या पुढे, सहा-सात फुटांवर, तोंड लोकांकडे. माइक स्पीकरच्या पुढे गेला की शिट्टी वाजणारच. बोलताना एको शून्यावर. (हे ऑपरेटरला दर वेळी सांगावं लागतं, त्याचा त्या बटणावर फार जीव असतो.) लॅपटॉप जोडल्यावर घुरघुर आली तर चार्जर काढून बघा, थांबली तर दोष अर्थिंगच्या लूपचा, मध्ये डीआय बॉक्स (ही घुरघुर तोडणारा छोटा डबा) टाका. थेट प्रक्षेपणाचा आवाज मोबाइलच्या माइकवरून न घेता मिक्सरच्या ऑक्समधून (वेगळ्या आउटपुटमधून) घ्या.

सिनेमाच्या चालीवर ख्रिस्ती शब्द अजिबात नकोत. खऱ्या उपासनेत गाणं म्हणायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तेच यूट्यूबवर टाकलं की सूट संपते आणि दावा लागतो. दुसरं म्हणजे ऐकणाऱ्याला नायिकाच आठवते.

फलकावर 'ख्रिस्ती भक्तिगीतांचा कार्यक्रम' असं सरळ लिहा. 'सांस्कृतिक संध्या' म्हणून बोलावून आत उपासना काढली, तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही. ध्वनिवर्धकाची परवानगी पोलीस ठाण्यातून वेळेत घ्या; रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, तुम्ही नऊलाच आवरा. वीज गेली तर मिक्सर आणि लॅपटॉप यूपीएसवर, पडदा अंधारात. तेव्हा प्रत्येक रांगेत गाण्यांचे चार छापील कागद आणि दोन बॅटऱ्या आधीच ठेवा, पेटी-ढोलकी तर विजेशिवाय चालतेच.