जपानी भूत आपल्या ओळखीचं का वाटतं?

तुम्ही विचारलंय, "हॉलिवूडचे भयपट बघताना मला हसू येतं, पण जपानी किंवा थाई सिनेमा बघितला की दोन रात्री झोप लागत नाही. असं काय असतं त्यात?" माझ्यापुरतं उत्तर 'रिंगू' या जपानी सिनेमाच्या शेवटात आहे आणि तो शेवट मी खाली सांगून टाकणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

२००४च्या सुमारास आम्ही चौघं पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. एका रात्री जेवायच्या आधी कुणाकडून तरी आणलेली 'रिंगू'ची सीडी लावली. हिदेओ नाकाता यांचा १९९८चा सिनेमा. एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे, ती बघितली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी बघणारा मरतो. पत्रकार नायिकेनेही ती बघितलेली असते. शोध घेत घेत ती एका जुन्या विहिरीत उतरते, तिथे वर्षानुवर्षं पडलेले सदाको नावाच्या मुलीचे अवशेष तिला सापडतात आणि ती त्यांना चक्क कुशीत घेते. मुदत टळते, बाई जिवंत. आमच्यातला गुहागरचा मित्र उठला, त्याने लाइट लावला आणि म्हणाला, "संपला. गती मिळाली तिला. चला, मेस बंद होईल."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे भुताचा हिशोब असाच असतो. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, जखिणीचा जीव संसारात अडकलेला असतो, कुणाला नारळ हवा असतो, कुणाला कोंबडं. काय राहिलंय ते विचारायचं, द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

एवढ्यात सिनेमातल्या त्या नायिकेच्या घटस्फोटित नवऱ्याच्या घरचा टीव्ही आपोआप सुरू झाला. सदाको विहिरीतून वर आली, अडखळत पडद्यापर्यंत आली आणि पडद्यातून खोलीत उतरली. (ती चाल अशी विचित्र दिसते कारण सदाको झालेल्या रिए इनो हिला उलटं चालायला लावून ते चित्रीकरण उलटं फिरवलं होतं. ट्रिक एवढीच.) मेस बुडाली ते सोडा, गुहागरकर त्या रात्री बाथरूमला एकटा गेला नाही.

तर नायिका वाचली ती हाडांना जवळ घेतलं म्हणून नव्हे. तिने कॅसेटची कॉपी करून नवऱ्याला दाखवली होती, म्हणून. आता मुलगाही त्या फेऱ्यात सापडलाय, त्याला वाचवायला ती कॅसेट घेऊन स्वतःच्या वडिलांकडे निघते. इथे मला लहानपणी घरी येणारी ती पोस्टकार्डं आठवली. अमुक जणांना पाठवा, नाहीतर घरात वाईट होईल. आई देव मानायची नाही, तरी गुपचूप लिहायला बसायची. आणि तिठ्यावरचा उतारा तरी वेगळा काय असतो? आपल्या घरची पीडा लिंबू-भातासकट रस्त्यावर ठेवायची, ज्याने ओलांडला त्याची ती झाली. आजी "ओलांडू नको रे" म्हणून ओरडायची, पण तो ठेवणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही. 'रिंगू' त्या ठेवणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारतो. मला भीती वाटली ती त्याची.

हॉलिवूडच्या बऱ्याच भयपटांत सैतान बाहेरून येतो आणि पाद्री त्याला हाकलतो. क्रॉस, पवित्र पाणी, लॅटिन मंत्र. आपल्या घरात यातलं काहीच नसतं, म्हणून तुम्हाला हसू येत असणार. जपानी भुताचा पेहराव मात्र बघा: पांढरा किमोनो आणि मोकळे सोडलेले केस. पांढरा किमोनो हे तिथे प्रेताला घालायचं वस्त्र. आपल्याकडेही तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून दारात उभं राहिलं तर घरातली म्हातारी माणसं काय म्हणायची, ते कुणाला सांगायला नको. त्यांचा ओबोन म्हणजे जवळजवळ आपला पितृपक्ष, फक्त तो ऐन उन्हाळ्यात येतो, आणि भुताच्या गोष्टींचा हंगामही तोच. अंगावर काटा आला की उकाडा कमी वाटतो म्हणे! नवऱ्याने दगा दिल्यामुळे भूत झालेल्या ओइवाचं काबुकी (जपानची पारंपरिक रंगभूमी) नाटक १८२५ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. आजही तिची गोष्ट करायची तर नटमंडळी आधी तिच्या देवळात किंवा थडग्यापाशी जाऊन नमस्कार करून येतात. आपल्या नारळ फोडण्यासारखंच.

थायलंडची माए नाक तर आपली अळवंतीणच. नवरा लढाईवर गेलेला, इकडे ही बाळंतपणात मेली, आणि तो परत आल्यावर काही झालंच नाही अशा थाटात बाळ मांडीवर घेऊन त्याच्याशी संसार करत राहिली. १९९९चा 'नांग नाक' याच दंतकथेवर आहे. बँकॉकच्या वाट महाबुट परिसरात तिचं देऊळ आहे, लोक तिला कपडे आणि बाळासाठी खेळणी वाहतात. भुताची देवी झाली. याचं आपल्याला तरी नवल वाटू नये.

तुम्हाला एकच सिनेमा सुचवायचा तर मी 'डार्क वॉटर' (२००२) सांगेन. दिग्दर्शक नाकाताच. घटस्फोटाच्या खटल्यात मुलीचा ताबा आपल्याकडे राहावा म्हणून धडपडणारी आई स्वस्तातला फ्लॅट भाड्याने घेते. छताला ओल येते, ती पसरत जाते. तक्रार केली तर इमारतीचा माणूस ढिम्म. (हे बघताना मुंबईकर आधी हसतो, कारण त्याचा सेक्रेटरी असाच असतो.) टाकून दिलेली लहान मुलीची लाल बॅग पुन्हा पुन्हा परत येते. भूत फारसं दिसतच नाही, नुसतं पाणी ठिबकतं. पण शाळेत मुलीला घ्यायला उशीर होतो, तेव्हा पोटात गोळा येतो. मुलगी हातची जाईल ही भीती आधीच इतकी खरी असते की भूत उशिरा आलं तरी चालतं.

'जू-ऑन' (२००२) एका प्रसंगासाठी बघा: घाबरलेली बाई डोक्यावरून पांघरूण घेते आणि एका शापित घरातलं भूत झालेली कायाको पांघरुणाच्या आतच असते. लहानपणी गोधडीत शिरलं की आपण सुरक्षित, हा करार दिग्दर्शक ताकाशी शिमिझूने एकतर्फी मोडला. त्या घरात पाऊल टाकणं एवढाच गुन्हा, बाकी पाप-पुण्याचा तिथे संबंध नाही. उलट थाई 'शटर'मध्ये (२००४) सगळा हिशोब पापाचाच. नायकाची मान का दुखते, एवढं लक्षात ठेवा.

सगळेच असे असतात असं मात्र नाही. 'रिंगू' चालल्यावर लांब केस तोंडावर घेतलेल्या बायांचं नुसतं पीक आलं. कॅसेट झाली, इंटरनेट झालं, फोन झाला. त्यातला इंटरनेटवाला, कियोशी कुरोसावाचा 'काइरो' (२००१), तेवढा चुकवू नका; पण तो दिवसा बघा आणि मन उदास असेल तर नकोच.

गुहागरकर आता डोंबिवलीला शेवटच्या मजल्यावर राहतो. त्याला मी 'डार्क वॉटर' अजून दाखवलेला नाही. दर जूनमध्ये त्याच्या बेडरूमचं छत गळतं.