सोलोला येताय? इंडोनेशियन पुरेल, पण…

इचलकरंजीहून इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहराजवळच्या एका कापडगिरणीत रुजू होताय आणि विचारलंत, की इंडोनेशियन शिकतोय, तेवढी पुरेल ना, जावानीजचं, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेचं, ओझं कशाला? बरोबर वहिनी आणि सहा वर्षांची मुलगी. मी इथे अकरा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बँक, शाळा, दवाखाना, कारखान्यातली मीटिंग, एवढ्याला इंडोनेशियन पुरते. पण मागाच्या खात्यात, टपरीवर, शेजारच्या ओट्यावर जावानीजच. बोलणारे आठ कोटींच्या घरात, म्हणजे मराठीएवढेच धरा. (पश्चिमेला बांडुंगकडे गेलात तर ती नाही, तिथे सुंदानीज.)

अडचण व्याकरणाची नाही, पायऱ्यांची आहे. आपण तू, तुम्ही, आपण म्हणतो आणि क्रियापद वळवतो. इथे अख्खा शब्दच बदलतो. ‘जेवणं’ मित्राशी बोलताना ‘मङान’, परक्याशी अदबीनं ‘नेडॉ’, आणि थोरामोठ्यांच्या जेवणाला ‘डाहार’. पहिली पायरी ङोको, दुसरी क्रॉमॉ, तिसऱ्या तऱ्हेचे मानाचे शब्द म्हणजे क्रॉमॉ इंग्गिल. आपल्या बाराखडीत नुसता बसून राहिलेला ‘ङ’ इथे दिवसभर राबतो, बरं का.

मी जावानीज शिकलो रात्रपाळीच्या पोरांकडून, म्हणजे निव्वळ ङोको. तेच घेऊन घरमालकीणबाईंना ‘कोवे’ म्हणालो. म्हणजे सत्तरीच्या आजींना ‘तू गं’. त्या हसल्या, काही बोलल्या नाहीत. इथे कोणी तोंडावर चूक काढत नाही, तीच पंचाईत. मग घाबरून सगळीकडे मानाचे शब्द पेरले आणि एका लग्नात सांगून आलो, ‘कुलॉ संपुन डाहार’. म्हणजे ‘आम्ही भोजन करून चुकलो आहोत’! स्वतःसाठी मानाचा शब्द कधीच नाही. तुम्ही क्रॉमॉपासूनच सुरुवात करा. ङोको कानावर पडून येईलच.

कामात सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘इंग्गिह’. अर्थ ‘हो’. पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. ‘उद्या सकाळी बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) मागावर लागेल ना?’ ‘इंग्गिह.’ सकाळी बीम सायझिंगलाच, म्हणजे सुताला खळ लावतात तिथेच, पडलेला. मी चिडलो, आवाज चढवला, आणि पुढे महिनाभर मला कोणी खरी अडचण सांगेना. त्यांच्यातच म्हण आहे, ‘इंग्गिह-इंग्गिह म्बोतन कपांग्गिह’: हो हो म्हणणार आणि सापडणार नाही. म्हणून हो-नाहीचा प्रश्न विचारूच नका. ‘किती वाजता चढेल? काय कमी पडतंय?’ असं विचारा, तेही चारचौघांत नको, बाजूला घेऊन.

आपल्याला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे कान. ‘वदी’ म्हणजे भीती आणि ‘वडी’ म्हणजे वाळू. द-ड, त-ट हा फरक बहुतेक युरोपीय लोकांना सहज ऐकू येत नाही, आपल्याला पहिल्या दिवशी कळतो. दुसरी संस्कृत, आणि ती नेमकी मानाच्या पायरीवर बसलेली: थोरांचा हात ‘अस्तॉ’, डोकं ‘मुस्तॉकॉ’, मूल ‘पुत्रॉ’. लिहिताना शेवटी ‘अ’कारान्त दिसतं, म्हणताना ‘ऑ’.

आणि हो, सुट्टीचा अर्ज येईल तेव्हा नुसता वार पाहू नका. सात वारांशिवाय इथे पाच दिवसांचं दुसरं चक्र आहे: लगी, पाहिङ, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही मिळून ३५ दिवसांनी जन्मवार फिरून येतो. लग्नाचा दिवस पुष्कळ घरांत त्यावरून काढतात. गंमत म्हणजे १६३३ साली जावातल्या मातारामचा राजा सुलतान आगुङ यानं इस्लामी चांद्र महिने स्वीकारले, पण वर्षांची मोजणी मोडली नाही. तेव्हा शके १५५५ चालू होतं, तिथूनच पुढे नेली. आपल्या पंचांगातलंच शके.

मुलीची काळजी सोडा. गल्लीतली पोरं तिला महिनाभरात ङोको शिकवतील आणि तीच ती आजींसमोर बोलेल. इथल्या तरुण पोरांनाही आता क्रॉमॉ नीट येत नाही, आईबाप घरात इंडोनेशियनच बोलतात, त्यामुळे कोणी रागावणार नाही. तिला तीन शब्द विमानातच पाठ करून द्या: मोठ्यांसमोरून वाकून जाताना ‘नुवुन सेवु’, काही घेतल्यावर ‘मातुर नुवुन’, आणि नको असेल तेव्हा ‘म्बोतन’. तिसरा तुम्हीही पाठ करा, गुळमट गुदग (कच्च्या फणसाची भाजी) तिसऱ्यांदा ताटात पडायच्या आत.